आम्ही आईंना कोंडलं होतं

आधी कबूल करून टाकते. कुलूप मी लावायचे. कल्पना नवऱ्याची, कॅमेरा नवऱ्याचा, 'आईच्या भल्यासाठी' हे वाक्यही नवऱ्याचंच. पण रोज सकाळी साडेआठला बाहेरून किल्ली फिरवणारा हात माझा होता. म्हणून 'त्याने कोंडलं' असं लिहिलं तर उद्या आरशात तोंड बघायची सोय राहणार नाही. आम्ही कोंडलं. दोघांनी मिळून.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. पनवेलच्या मच्छीबाजारात अडतीस वर्षं बसल्या. त्याच बाजारावर त्यांनी नवऱ्यामागे मुलाला इंजिनिअर केलं, आणि त्या इंजिनिअरने करंजाड्यात चौथ्या मजल्यावर टू बीएचके घेतला. मी पनवेल गावातली, किराणा दुकानदाराची मुलगी; प्रेमविवाह आमचा. जासईला एका कंटेनर यार्डच्या ऑफिसात कागदपत्रं बघते. लग्न झालं तेव्हा मला बोंबील आणि मांदेली यातला फरक कळत नव्हता. आईंनी शिकवला, आणि शिकवताना माझी अब्रू काढली ती वेगळी. "एवढी शिकलीस नि मासली वलकाय येत नाय? कॉलेजात काय गवत उपटत व्हतीस?"

मे महिन्यात त्या बाजारात चक्कर येऊन पडल्या. साखर वाढली होती. डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस आराम. पंधरा दिवस! पुढे पावसाळा म्हणून बोटी बंद, बाजार थंड, त्यामुळे नवऱ्याने परस्पर ठरवलं की आता कायमचाच आराम. "आयुष्यभर कष्ट केलेस, आता बस," असं त्याने अगदी डोळ्यात पाणी आणून सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटावं, काय सोन्यासारखा मुलगा आहे!

सोनं कसलं, पितळ होतं ते. खरं कारण लिफ्टमध्ये होतं. आई बाजारातून आल्या की लिफ्टमध्ये वास येतो, अशी सोसायटीत तक्रार होती. सोसायटीच्या ग्रुपवर नाव न घेता मेसेज पडायचे, खाली हात जोडलेले. नवरा नुकताच कमिटीत निवडून आला होता. तळमजल्यावरचे सेक्रेटरी त्याला बाजूला घेऊन म्हणाले होते, "तुमच्या मदरना आता या वयात शोभतं का हे?" आणि माझा नवरा, ज्याच्या कॉलेजची प्रत्येक फी त्या वासातून आली, तो तिथे मान हलवून आला. घरी येऊन त्याने मला हे सांगितलं. मीही काय केलं? मूग गिळून बसले. मनात म्हटलं, वास तर येतोच.

पंधराव्या दिवशी आई टोपली घेऊन निघाल्या, तर त्याने अडवलं. सोळाव्या दिवशी त्या आम्ही उठायच्या आत निघाल्या, करंजाड्याच्या नाक्यापर्यंत गेल्या, तिथून तो त्यांना गाडीत घालून परत घेऊन आला. त्याच संध्याकाळी सेफ्टी डोअरला नवं कुलूप लागलं आणि हॉलमध्ये कॅमेरा. मला म्हणाला, "तू शेवटी निघतेस, तू लावत जा." मी विचारलं, "आणि आग लागली म्हणजे?" तो म्हणाला, "मोबाईलवर दिसेलच की." या उत्तरावर मी त्याला फाडून खायला हवं होतं. नाही खाल्लं. कारण आई घरात सुरक्षित आहेत म्हटल्यावर मला ऑफिसात निवांत काम करता येणार होतं. झालं, एवढंच कारण.

पहिल्या दिवशी त्यांनी शिव्या दिल्या. दारावर थापा मारून, सगळ्या मजल्यांना ऐकू जातील अशा. मी जासईत बसून मोबाईलवर बघत होते. आवाज बंद केला. दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्यावर लुगडं टाकलं. नवऱ्याने संध्याकाळी ते काढलं आणि समजावलं, "आई, हे तुझ्यासाठीच आहे ना गं." त्या म्हणाल्या, "मना बघाची एवढी हौस हाय तर समोर बस ना. यंत्र कशाला?" नंतर आठवडाभर त्या कॅमेऱ्याकडे पाठ करून बसायच्या. आठ तास. मला मोबाईलवर फक्त त्यांची पाठ दिसायची आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि राग कोणाचा? त्यांचाच! एवढं सगळं देतोय, टीव्ही आहे, पंखा आहे, जेवण झाकून ठेवलंय, मग तोंड वाकडं कशाला? स्वतः कुलूप लावणाऱ्याला राग यायचा, अशी माझी अवस्था. चोराच्या उलट्या बोंबा.

मग एक दिवस पाठ दिसेना. मी घाबरले. कॅमेरा फिरवून बघते तर आई दाराशी, जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, पुढ्यात विळी. आणि गजांच्या पलीकडे आमच्याच मजल्यावरच्या तीन बायका रांगेत उभ्या. सेफ्टी डोअरच्या गजांमधून एकेक बर्फातला मासा आत येत होता, साफ होऊन, तुकडे होऊन पिशवीतून बाहेर जात होता. पापलेट उभं धरून सहज सरकायचं. सुरमई शेपटीकडून ओढून घ्यावी लागायची. आणि या बायका कोण? लिफ्टमध्ये नाकाला रुमाल लावणाऱ्या! मासे यांना हवेत, मासेवाली नको. मी ऑफिसात इतकी हसले की शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, काय झालं. सांगणार काय? माझ्या सासूने तुरुंगात धंदा उघडलाय म्हणून?

तीन आठवडे हे चाललं. आई पुन्हा माणसात आल्या. कॅमेऱ्याकडे तोंड करून बसायला लागल्या, मुद्दाम, मला दिसावं म्हणून. मी नवऱ्याला सांगितलं नाही; तो स्वतः कॅमेरा कधी उघडून बघायचा नाही. तेवढं एक पुण्य माझ्या खात्यात. पण सोसायटी ती सोसायटी. कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली सेक्रेटरींची ओळ: फ्लॅटमध्ये कमर्शियल ॲक्टिव्हिटीला परवानगी नाही. आमचे कमिटी मेंबर लाजेने काळे-निळे झाले. रात्री जेवले नाहीत. आणि त्यानंतरच्या रविवारी त्यांनी जे केलं, त्याला मी अजून माफ केलेलं नाही.

त्यासाठी बाजाराची एक रीत सांगायला हवी, जी तेव्हा मलाही माहीत नव्हती. मासेवालीपुढे मासे तोडायचा लाकडी ठोकळा असतो, चिंचेचा, दोन माणसांनी उचलावा असा. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या, बाई बाजारात बसत नसली, की तो ठोकळा ती आपल्या जागेवर पालथा घालून ठेवते. शेजारीण त्याच्यावर रोज पाणी मारते. पालथा ठोकळा म्हणजे बाई येणार आहे, जागा तिची आहे. नारळी पौर्णिमेनंतर बोटींची पहिली मासळी येते त्या दिवशी तिने येऊन तो सुलटा करायचा आणि बसायचं. आणि ठोकळा जर घरच्या माणसाने उचलून नेला, तर बाईने बाजार सोडला. मग ती जागा शेजारणी मिळून दुसरीला देतात. कागद नाही, सही नाही. ठोकळा हाच कागद.

आमच्या साहेबांना ही रीत माहीत नव्हती. अडतीस वर्षं ज्या जागेवर आपला संसार चालला, तिथे तो कधी तासभर बसलाच नव्हता. आईनेच बसू दिलं नव्हतं, 'अभ्यास कर' म्हणून. तर त्या रविवारी तो गाडी घेऊन बाजारात गेला आणि हमालाला धरून ठोकळा डिकीत टाकून घरी घेऊन आला. त्याच्या डोक्यात काय, तर आईचं मन तिकडे लागलेलं आहे, वस्तू इकडे आणली की मनही इकडे येईल. शहाणपण देगा देवा! ठोकळा बाल्कनीत ठेवला, घासला, वर मनी प्लँटची कुंडी ठेवली आणि आईंना हात धरून दाखवायला नेलं. "बघ, तुझी आठवण. तिकडे पावसात कुजत होता."

आईंनी कुंडीकडे बघितलं नाही. म्हणाल्या, "उचलताना कोनी इचारला काय?"

"हो, ती तुझ्या बाजूला बसते ना, ती मावशी. म्हणाली, आईने सांगितलंय का? मी म्हटलं, हो, आईनेच सांगितलंय."

"असा बोललास? सगल्यांच्या समोर?"

"मग? नाहीतर देत नव्हती ती."

आई तिथेच बाल्कनीच्या लादीवर बसल्या. मला वाटलं, पुन्हा चक्कर आली. पाणी आणलं तर हाताने बाजूला केलं. मग त्यांनी ती ठोकळ्याची रीत सांगितली, शांत आवाजात, शाळेत धडा सांगावा तशी. नवरा म्हणाला, "अगं, मग बरंच झालं की! आता ताणच नाही." आई त्याच्याकडे बघत राहिल्या. शिवी नाही, थाप नाही, काही नाही. त्या शिव्या देत होत्या तेव्हा मला त्रास व्हायचा. त्या गप्प झाल्या तेव्हा मला भीती वाटली.

पौर्णिमेला चार दिवस होते. चार दिवस त्या विचारल्याशिवाय जेवल्या नाहीत, सांगितल्याशिवाय उठल्या नाहीत. पंखा लावू का, म्हणून मला विचारायच्या. ज्या बाईने आयुष्यात कोणाला विचारून श्वास घेतला नाही, ती मला पंख्याचं विचारत होती! मी नवऱ्याला म्हटलं, "बघ तिच्याकडे. मरेल ती." तो म्हणाला, "ॲडजस्ट होतेय." मी म्हटलं, "डोंबल ॲडजस्ट होतेय!" आमचं त्या दिवशी कडाक्याचं भांडण झालं. भांडणात मी जिंकले, पण सकाळी साडेआठला कुलूप लावलंच. हे लिहिताना आत्ताही माझी मला चीड येते.

बोटींची मासळी येणार त्या सकाळी नवरा तळोज्याला कामावर गेला. मी यार्डात फोन करून रजा टाकली, दार सताड उघडलं आणि म्हटलं, "आई, चला बाजारात." त्यांनी एक प्रश्न विचारला नाही. लुगडं बदललं, कोयता काढला, केसांत अबोलीचा गजरा. खालच्या वॉचमनला बोलावून ठोकळा लिफ्टमध्ये घातला. सेक्रेटरी लिफ्टपाशी भेटले, काहीतरी बोलायला तोंड उघडणार, तर मी म्हटलं, "काका, एक शब्द बोललात तर हा तुमच्या पायावर पडेल." ते जिन्याने गेले.

रिक्षावाल्याने ठोकळा बघून कपाळाला हात लावला, पण नेलं. बाजार भरला होता. आईंच्या जागेवर दुसरा ठोकळा होता, त्यामागे एक तिशीतली बाई, उरणच्या बाजूची, अंगावर नवी साडी. तिचा पहिलाच दिवस. शेजारच्या मावशीने आईंना बघितलं आणि तिचा कोयता हातातच थांबला.

"तू सोडलास ना गं बाजार?" मावशी म्हणाली. "तुझा पोरगा आलता. त्यानं सांगितला, आईनं सांगितलाय. सगल्यांनी आयकला."

आजूबाजूच्या सगळ्या बायका बघत होत्या. मला तेव्हा कळलं काय अडलंय ते. जागा परत हवी असेल तर आईंनी फक्त एवढं म्हणायचं होतं: माझा मुलगा खोटं बोलला. चार शब्द. मी वाट बघत होते. आईंनी ओठ आवळले, पदर खोचला आणि म्हणाल्या, "हा. मीच सांगितला व्हता. आता इचार बदलला. मना गटाराकडं कुटं जागा हाय काय, तितं बसते."

गटाराकडे! अडतीस वर्षं मधल्या रांगेत, खांबाजवळ बसलेली बाई, गटाराकडे बसणार, कशासाठी? तर इंजिनिअर साहेब खोटे पडू नयेत म्हणून. माझं डोकंच फिरलं. मी त्या भर बाजारात ओरडले, "खोटं आहे! यांनी काही सांगितलेलं नाही. यांना दोन महिने घरात कोंडून ठेवलं होतं. बाहेरून कुलूप लावून. मीच लावत होते!"

 एकदम कालवा झाला. मावशी उठली, तिने कोणाला काही विचारलं नाही. उरणच्या बाईला म्हणाली, "उठ गं बाय." ती बाई उठली, पण तिला राग आला होता आणि तो बरोबरच होता. "तुमी देताव, तुमी उठवताव. आमी काय केला?" असं म्हणत तिने आपली घमेली उचलली आणि ती गेली गटाराकडे. तिच्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. आईंचा ठोकळा जागेवर आला. त्या बसल्या. मावशीने आपल्यातली एक टोपली त्यांच्यापुढे सरकवली. मला वाटलं, जिंकलो. छाती फुगवून मी तिथेच बाजूला उभी राहिले.

आणि मग दिवसभर मी ऐकत राहिले. "खराच कुलूप लावायची गं?" "जेवाय तरी देत व्हती का?" "अगं बाय, काय नशीब." गिऱ्हाईक आलं की पलीकडची ओरडायची, "अवो ताई, तिच्याकडनं घ्या, बिचारीला पोरानं कोंडली व्हती." बिचारी! ज्या बाईने भर पावसात पोलिसाशी हुज्जत घातली, नवरा गेला त्याच्या तेराव्यानंतर दुसऱ्या दिवशी येऊन बसली, तिला अडतीस वर्षांत या बाजारात कोणी बिचारी म्हटलं नव्हतं. दुपारी दोनपर्यंत निदान वीस जणींनी म्हटलं. आई मान खाली घालून मासे तोडत होत्या. एकीलाही उलट उत्तर दिलं नाही. टोपली इतर दिवसांपेक्षा लवकर संपली.

संध्याकाळी नवरा आला तो आदळआपट करतच. बातमी पोचली होती. "सगळ्या बाजारात मला खोटारडा ठरवलंस!" मी म्हटलं, "ठरवलं नाही, आहेसच." मी आज कोणालाच घाबरत नव्हते; आई माझ्या बाजूने आहेत याची मला खात्री होती. मी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "सांगा ना आई याला."

आई पाय धूत होत्या. त्यांनी आधी मुलाला सांगितलं, "तू त्वांड उघडू नको. कुलूप काढ नि ते यंत्र काढ. आता." तो उठला, स्टूल घेतलं, काढलं. मग माझ्याकडे वळल्या.

"आनि तू. गटाराकडं बसले असते ना, तर चार दिवसांत बोलनी करून मधी आली असते. मना जमतो बाजार. घरात तुमी दोघांनी ठरवला, हितं तू एकटीनं ठरवलास. मी बाजूला उभी व्हती ना? मना इचारलास?"

 राग आला, खरं सांगते, भयंकर आला. यांच्यासाठी मी रजा टाकली, नवऱ्याशी वैर घेतलं, बाजारात स्वतःचं तोंड काळं करून घेतलं, आणि यांना त्याचं काही नाही? हे माझ्या मनात पूर्ण झालं आणि तेव्हाच लक्षात आलं, हीच वाक्यं. 'एवढं सगळं करतोय, मग तोंड वाकडं कशाला.' शब्द तेच, फक्त कुलूप नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आई टोपली घेऊन दाराशी. मी धावत आले. "आई, मी येऊ सोडायला? रिक्षा करून देते."

"नको."

"अहो, पण चक्कर आली म्हणजे? निदान नाक्यापर्यंत..."

"नको सांगितला ना."

लिफ्टकडे न बघता जिना उतरायला लागल्या. एका हाताने कठडा धरलेला, प्रत्येक पायरीवर थांबत. मला इतकं वाटत होतं ना, पुढे होऊन हात धरावा, टोपली ओढून घ्यावी, परत घरात आणावं. मी दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले आणि तिथेच उभी राहिले.